दिव्यांग अपत्याचे कुटुंबनिवृत्तिवेतन: परदेशी जाण्याआधी बडोद्यातच उरकायची कामे

बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांत आज सारखीच परिस्थिती आहे. वडील रेल्वेतून, टपाल खात्यातून किंवा केंद्र सरकारच्या एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत, एक अपत्य कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावले आहे, आणि दुसरे अपत्य जन्मजात दिव्यांगत्वामुळे किंवा पुढे जडलेल्या आजारामुळे स्वतः कमावू शकत नसल्याने आईवडिलांपाशीच राहते. आईवडील थकू लागले की परदेशातले भावंड म्हणते, याला आम्ही आमच्याकडे नेतो. हा निर्णय बहुधा योग्यच असतो. मात्र व्हिसा आणि तिकिटांच्या धांदलीत या अपत्याला आयुष्यभर मिळू शकणारे कुटुंबनिवृत्तिवेतन बाजूला राहते, आणि आईवडिलांच्या पश्चात टोरांटोहून बडोद्यातील प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीशी पत्रव्यवहार करण्याची वेळ येते. या कामातल्या महत्त्वाच्या सह्या आईवडिलांच्याच असतात, त्यामुळे ते त्यांच्या हयातीत आणि प्रवासाच्या आधी व्हायला हवे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

कोणत्या पेन्शनविषयी बोलत आहोत, हे आधी स्पष्ट असावे. गुजरात सरकारची संत सूरदास योजना किंवा केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजना ही सामाजिक साहाय्ये आहेत. त्यांपैकी दुसरी योजना ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील व्यक्तींसाठी आहे. अशी मदत मुख्यतः रहिवासावर अवलंबून असते. ती घेऊन परदेशी राहता येत नाही, म्हणून ती चालू असल्यास जाण्यापूर्वी संबंधित कचेरीला कळवून बंद करून घ्यावी. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा ते बरे. याउलट कुटुंबनिवृत्तिवेतन हे आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीतून उत्पन्न झालेला हक्क आहे. ते घेणाऱ्याने भारतातच राहिले पाहिजे अशी अट त्याला नाही. परदेशात राहणाऱ्यांनी हयातीचा दाखला कसा द्यावा याचीही तरतूद नियमांत आहे. या लेखाचा विषय हेच निवृत्तिवेतन आहे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ लागू होतात आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाची तरतूद त्यांच्या ५०व्या नियमात आहे. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी १९९३ चे स्वतंत्र नियम आहेत आणि तेथे हाच विषय ७५व्या नियमात येतो. दोन्हींचा गाभा सारखा आहे. निवृत्त कर्मचाऱ्यानंतर प्रथम पती किंवा पत्नीला, त्यानंतर २५ वर्षांखालील अपत्यांना निवृत्तिवेतन मिळते. आणि जे अपत्य मानसिक किंवा शारीरिक दिव्यांगत्वामुळे उपजीविका करण्यास असमर्थ आहे, त्याला २५ वर्षांची मर्यादा न लावता ते आजीवन मिळते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलींचा क्रम दिव्यांग अपत्यानंतर येतो. दिव्यांग अपत्याचा विवाह झाला तरी हक्क जात नाही. पूर्वी विवाहाने तो जात असे आणि अनेक घरांत आजही तोच समज टिकून आहे. त्या भीतीपोटी कोणी स्थळ नाकारत असेल तर त्याने हा समज मनातून काढून टाकावा.

उत्पन्नाची अटही २०२१ मध्ये सैल झाली. आधी महिन्याला ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई साहाय्य ही मर्यादा होती, त्यामुळे थोडे व्याज किंवा भाडे येणारे अपत्यही अपात्र ठरत असे. ८ फेब्रुवारी २०२१ पासून इतर मार्गांनी मिळणारे एकूण उत्पन्न हे साधारण दराच्या कुटुंबनिवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई साहाय्य यांच्या बेरजेपेक्षा, कमी असावे एवढीच अट आहे. जुन्या मर्यादेमुळे ज्यांचा अर्ज नाकारला गेला होता, त्यांनी पुन्हा अर्ज करून पाहावा. मात्र अपत्याच्या नावे मुदत ठेवी किंवा घर करताना हे गणित समोर ठेवावे. पुढे परदेशात त्याला सरकारी भत्ता सुरू झाला, तर तोही दडवून न ठेवता बँकेला लेखी कळवावा.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. पहिले काम वैद्यकीय प्रमाणपत्राचे आहे आणि गैरसमजही येथेच सर्वांत जास्त होतात. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळणारे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र, प्रत्येक दिव्यांग व्यक्तीकडे असलेच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खालील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी ते मिळते आणि बडोद्यात त्याच्या तपासणीसाठी बहुतेकांना सयाजी हॉस्पिटलात जावे लागते. परंतु कार्डावर दिव्यांगत्वाची टक्केवारी असते, आणि निवृत्तिवेतनाच्या नियमाचा प्रश्न वेगळा आहे: या दिव्यांगत्वामुळे ही व्यक्ती उपजीविका करू शकते की नाही? त्यासाठी रुग्णालयाचे अधीक्षक, संस्थेचे प्रमुख किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांपैकी एक त्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ, अशा मंडळाचे प्रमाणपत्र लागते. व्यक्तीची शारीरिक किंवा मानसिक अवस्था त्यात शक्य तितक्या नेमकेपणाने लिहिलेली असावी. मंडळापुढे जाताना जुने कागद न्यावेत: शाळेने दिलेले पत्र, लहानपणीच्या उपचारांच्या फायली, कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात उपचार झाले असतील तर तेथील केस पेपर. दिव्यांगत्व आईवडिलांच्या हयातीतलेच आहे हे सिद्ध करायला हे कागद पुढे कामी येतात, आणि घर आवरताना हीच पिवळी पडलेली पाने प्रथम रद्दीत जातात. कृपया ती जपा. दिव्यांगत्व कायमस्वरूपी असेल तर 'कायमस्वरूपी' हा शब्द प्रमाणपत्रावर स्पष्टपणे आला पाहिजे, कारण तसे असल्यास ते एकदाच द्यावे लागते. तात्पुरते असे लिहिले गेले तर दर ५ वर्षांनी नवे आणावे लागते. परदेशी राहणाऱ्या माणसाला दर ५ वर्षांनी बडोद्यात येऊन मंडळापुढे बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. रेल्वेच्या कुटुंबांनी कोणत्या मंडळाचे प्रमाणपत्र स्वीकारले जाईल, हे मंडल कचेरीच्या कार्मिक विभागाला आधीच लेखी विचारून घ्यावे.

दुसरे काम नावांचे आहे. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाचे नाव प्रत्येक कागदावर वेगळे निघू शकते. नोकरीच्या नोंदीत वडिलांचे साधे नाव असते, शिधापत्रिकेवर त्याला 'भाई' जोडलेले असते, जन्मदाखल्यावर 'राव' असते. आईच्या नावापुढे कोठे 'बाई' तर कोठे 'बेन' असते, आणि आडनाव कधी आधी तर कधी शेवटी येते. बडोद्यात याचे कोणाला काही वाटत नाही, पण परदेशी वकिलात आणि बँकेचे पेन्शन केंद्र अक्षर न् अक्षर जुळवून पाहतात. निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे पीपीओ, हा पाया मानून अपत्याचे आधार, पॅन, पासपोर्ट आणि यूडीआयडी त्याच्याशी जुळवून घ्यावेत. जेथे दुरुस्ती शक्य नाही, तेथे 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र करून त्याच्या मूळ प्रती जवळ ठेवाव्यात. महानगरपालिकेचे दाखले गुजरातीत असतील तर त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर येथेच करून घ्यावे. तिकडे गुजराती वाचणारा भाषांतरकार शोधणे खर्चिक पडते.

तिसरे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. निवृत्त आई किंवा वडील हयात असतानाच कायमस्वरूपी दिव्यांग अपत्याचे नाव पीपीओत नोंदवून घेता येते. निवृत्तीच्या वेळी ते राहिले असेल तर नंतर अर्ज करूनही ते होते. अर्ज जेथून निवृत्त झाले त्या कार्यालयाकडे करायचा असतो. नागरी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तो तेथून वेतन व लेखा कार्यालय, मग केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय आणि शेवटी बँकेचे पेन्शन केंद्र असा जातो, तर रेल्वेचे काम कार्मिक आणि लेखा विभागांत होते. अर्जासोबत मंडळाचे प्रमाणपत्र, कुटुंबातील सर्व सदस्यांचा तपशील, अपत्याच्या उत्पन्नाचे निवेदन, ओळखीचे कागद आणि छायाचित्रे जोडावीत. नोंद झाल्यावर सुधारित पीपीओची प्रत मागून घ्यावी आणि अपत्याचे नाव, जन्मतारीख व दिव्यांगत्वाचा उल्लेख त्यात आहे का, हे स्वतः वाचून पाहावे. ही नोंद असेल तर दोघा पालकांच्या निधनानंतर नव्या मंजुरीसाठी कार्यालयाकडे धाव घ्यावी लागत नाही. मृत्यूचे दाखले आणि आवश्यक निवेदने दिली की बँक निवृत्तिवेतन सुरू करू शकते. नोंद नसेल तर हक्क बुडत नाही, पण सिद्ध करण्याचा सगळा भार त्या अपत्यावर आणि त्याच्या भावंडावर पडतो, आणि ते दोघेही तेव्हा समुद्रापलीकडे असतात.

यानंतर पालकत्वाचा विषय येतो. शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या, स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीला पालकाची गरज नसते. तिचे निवृत्तिवेतन तिच्याच हाती जाते. सोय म्हणून कोणीही तिच्यावर पालक लादू नये. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, आणि बँकेने ती सोय दिलीच पाहिजे.

बौद्धिक किंवा मानसिक दिव्यांगत्वाच्या बाबतीत पैसे पालकामार्फत दिले जातात. न्यायालयातून पालकत्व आणल्याशिवाय काही होत नाही असे अनेकांना सांगितले जाते, पण नियम तसा नाही. निवृत्त कर्मचारी स्वतः, आणि त्याने केले नसेल तर त्याची पत्नी किंवा पती, अपत्याच्या वतीने निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीचे नामनिर्देशन करू शकतात. हे नामनिर्देशन पीपीओच्या अर्जासोबतच द्यावे. ते राहून गेले असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्रही ग्राह्य आहे. प्रत्येक जिल्ह्यातील या समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पण तिचा अधिकार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांपुरताच आहे. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारासाठी तिच्याकडे अर्ज करून उपयोग नाही, म्हणून त्या घरांत पालकांचे नामनिर्देशन अधिकच महत्त्वाचे ठरते.

परदेशी भावंडाला पालक नेमण्याचा बेत असेल तर येथे एक गंभीर अडचण आहे. राष्ट्रीय न्यासाच्या विनियमांनुसार नेमला जाणारा पालक भारताचा नागरिक असला पाहिजे. ज्या भावाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे तो ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड, असूनही भारताचा नागरिक नसतो. अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो काही वर्षांत सोडण्याचा विचार असेल, तर आज केलेली नेमणूक उद्या प्रश्नात येऊ शकते. माझे स्पष्ट मत असे की अशा घरांनी बडोद्यात राहणारा एखादा विश्वासू नातेवाईक, मावसभाऊ किंवा चुलत बहीण, पालक म्हणून पुढे आणावा आणि त्या व्यक्तीला आधी नीट विश्वासात घ्यावे. हे नुसते नावापुरते पद नाही. नेमणुकीपासून ६ महिन्यांच्या आत पालकाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांच्या आत हिशेब सादर करावा लागतो. मुलीसाठी एकटा पुरुष पालक नेमला जात नाही. त्याच्या पत्नीला सहपालक व्हावे लागते. शिवाय येथील प्रमाणपत्राने परदेशात आपोआप अधिकार मिळत नाहीत. तेथे रुग्णालयात संमती देण्यासाठी किंवा घराच्या करारावर सही करण्यासाठी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे वेगळी नेमणूक करून घ्यावी लागते. येथील कागद तेथे दाखवण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशात मानले जाणारे प्रमाणन, घ्यावा. कॅनडाही ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल मानतो.

व्हिसाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तेथेही आईवडिलांच्या हयातीचा प्रश्न येतो. कॅनडात नागरिक किंवा कायमचा रहिवासी असलेला मुलगा आईवडिलांना बोलावतो, तेव्हा त्यांच्यावर अवलंबून असलेले अपत्य अर्जात समाविष्ट होऊ शकते. वयाची मर्यादा २२ वर्षांच्या आतली असली, तरी त्या वयाआधीपासून आर्थिकदृष्ट्या पालकांवर अवलंबून असलेले आणि शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे मोठे अपत्यही त्यात बसते. आईवडील गेल्यानंतर केवळ भावंड म्हणून प्रौढ व्यक्तीला नेण्याची वाट फार अरुंद उरते. आरोग्यसेवेवर अतिरिक्त भार पडेल का, याची तपासणी कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया दोघेही करतात, म्हणून तज्ज्ञाचा सविस्तर अहवाल तयार ठेवावा. त्या देशाची सरकारी पेन्शन लगेच मिळेल अशी आशाही धरू नये: ऑस्ट्रेलियाच्या दिव्यांग साहाय्य पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे १० वर्षांचा पात्र रहिवास लागतो. ती १० वर्षे भारतातून येणारी रक्कम हाच त्या व्यक्तीचा स्वतःचा पैसा असेल. भावजयीच्या घरात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावे महिन्याला काही रक्कम येते, याने त्याच्या वागण्याबोलण्यात फरक पडतो. मला तरी या साऱ्या कागदपत्रांचे खरे कारण तेच वाटते.

स्थायिक होण्यासाठी देश सोडला की साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते आणि निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होते. हा बदल खाते असलेल्या शाखेत, जाण्याआधी चौकशी करून, कोणते कागद लागतील याची यादी घेऊनच करावा. करभरणा झाल्यानंतर निवृत्तिवेतनासारखे चालू उत्पन्न या खात्यातून परदेशी पाठवता येते. इतर शिल्लक पाठवण्याला आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. करांबाबत एक गोष्ट आधीच माहीत असावी: दिव्यांग व्यक्तीला मिळणारी ७५,००० किंवा तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट फक्त भारतात रहिवासी असलेल्यांना आणि जुन्या करपद्धतीतच मिळते, त्यामुळे अनिवासी झाल्यावर ती सुटते. कुटुंबनिवृत्तिवेतनाची स्वतंत्र वजावट, एक तृतीयांश किंवा नव्या करपद्धतीत २५,००० रुपये यांपैकी जी कमी असेल ती, वेगळी आहे. एनआरओ खात्यावरील व्याजातून ३० टक्के दराने आणि त्यावर उपकर लावून कर आधीच कापला जातो, म्हणून एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परतावा मागावा. नव्या देशातही हे उत्पन्न दाखवावे लागेल.

खासगी कारखान्यात नोकरी केलेल्यांची कुटुंबे कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेखाली येतात. तेथेही पूर्णतः व कायमचे दिव्यांग असलेल्या अपत्याला वयाची अट न लावता आजीवन पेन्शन मिळते, आणि अर्ज १०-डी या नमुन्यात होतो. रक्कम लहान असते, पण हक्क आहे तर तो घ्यावा. बडोद्यात आकोटा येथील भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत चौकशी करावी.

परदेशी पोहोचल्यावर दरवर्षी येणारे मुख्य काम हयातीच्या दाखल्याचे आहे. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि पालकामार्फत पैसे येत असले तरी दाखला दिव्यांग व्यक्तीच्याच हयातीचा लागतो. आधारवर आधारित जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, आता मोबाइलवर चेहरा ओळखून देता येते. ज्यांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे, पण त्यासाठी जाण्यापूर्वी बडोद्यातील आधार केंद्रात छायाचित्र आणि मोबाइल क्रमांक अद्ययावत करून घ्यावा आणि तो भारतीय क्रमांक परदेशातही चालू ठेवावा. ते न जमल्यास भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याकडून दाखला घेता येतो, आणि वकिलातीत जाणे शक्य नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून टपालाने अर्ज करता येतो. दंडाधिकारी, नोटरी, बँक अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांनी सही केलेला दाखला अधिकृत प्रतिनिधीमार्फत बँकेत दिला तरी चालतो. म्हणूनच बडोद्यातील एका नातेवाइकाला प्रतिनिधी म्हणून आधीच लेखी नेमून ठेवावे. दाखला उशिरा गेला तर निवृत्तिवेतन थांबते, पण बुडत नाही. दाखला पोहोचल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. तसे झाल्यास आधी दाखला पाठवावा, बँकेकडून पोच घ्यावी, आणि थकबाकीची मागणी वेगळ्या पत्राने, पीपीओ क्रमांक लिहून, करावी.